बयोशी संबंध नाही

दवाखान्याच्या भिंतीवरचं यंत्र म्हणालं, "टोकन एकेचाळीस, खिडकी दोन," आणि तीन वर्षांची ठमी आपल्या आईच्या, म्हणजे धाकटीच्या, मांडीवरून टुणकन उतरली. भिंतीकडे बोट करून म्हणाली, "आजी बोलली."

आजी तर शेजारच्याच खुर्चीत होती. गळ्याला रुमाल, मांडीवर टॅबलेट. मागच्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झालं, त्यात तिचा आवाज कायमचा गेला होता.

पोर आपलं काहीबाही बोलतंय, असं धाकटीला वाटलं. मग "बेचाळीस" आलं आणि तीही भिंतीकडे वळली. शेवटी जरासा वर उचललेला तो सूर एकतीस वर्षं वर्गाकडून पाढे घोकून घेणाऱ्या बाईंचा होता. तिच्या आईचा.

ऑपरेशनआधीचे चौदा दिवस तिने आईला, आवाज घुमू नये म्हणून, कपाटात लोंबत्या कपड्यांच्या मधोमध बसवून तिचा आवाज रेकॉर्ड केला होता. "कपड्यांना पाढे शिकवतेय मी," आई म्हणायची, "पण वर्ग शांत आहे हो." त्या आवाजावर धाकटीने प्रोग्राम लिहिला. आई टाइप करायची, टॅबलेट तिच्या आवाजात बोलायचा. आप्पा आईला बयो म्हणायचे, म्हणून प्रोग्रामचं नावही बयोच.

मग वाटलं, आवाज गेलेलं माणूस काय आपल्याच एका घरात आहे? तिने सगळं इंटरनेटवर खुलं केलं. परवान्यात लिहिलं, कुणीही वापरा, बदला, विका; फक्त बदललेल्या प्रोग्रामला बयो म्हणायचं नाही आणि त्याचा बयोशी संबंध नाही, असं स्पष्ट लिहायचं. आप्पांच्या तोंडचं ते हाकेचं नाव कुणी भलत्याच गोष्टीला चिकटवू नये, एवढीच तिची काळजी. त्या नादात आवाजाचं फोल्डर त्याच गाठोड्यात बांधलं गेलं, ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

यंत्रावर नाव होतं 'पुकार'. तिने फोनवर शोधलं. पानाच्या तळाशी तिचं पूर्ण नाव होतं, आभारासकट. खाली एक ओळ होती: या आवृत्तीचा बयोशी संबंध नाही.

ठमीला आजीजवळ सोडून ती व्हरांड्यात गेली आणि वकील मैत्रिणीला फोन लावला.

"आवाजाला वेगळी अट घातली होतीस?"

"नाही."

"मग तू सांगितलंस ते सगळं केलंय गं त्यांनी. इतके सरळ माझे अशीलसुद्धा नसतात."

"परत नाही घेता येणार?"

"पुढच्या आवृत्तीतून काढ. गेली ती गेली. त्यांना विनंती कर, ऐकलं तर ऐकलं." मग मैत्रिणीने विचारलं, "आवाज बाहेर देताना आईला विचारलं होतंस ना?"

धाकटीने दारातून आत आईकडे पाहिलं.

"नसेल विचारलं, तर तक्रार तुझी आई करू शकते."

"कुणाविरुद्ध?"

"आधी तुझ्याच. देणारी तू आहेस."

ती परत आली तेव्हा आईने "पाणी दे" असं टाइप केलं होतं, आणि अर्धी खोली मान वर करून भिंतीकडे बघत होती. एक गृहस्थ आपलं टोकन चाचपत उठलेसुद्धा. आईने टॅबलेट पिशवीत घातला आणि ठमीची खेळण्यातली पाटी ओढून घेतली. तिने लिहिलं, "आपला नंबर मीच पुकारणार वाटतं."

"आई, चूक माझी आहे. मी तुला विचारायला हवं होतं."

आईने पाटी पुसली. भिंतीवरून "टोकन चव्वेचाळीस, खिडकी दोन" आलं, तेवढं ऐकून घेतलं. मग लिहिलं, "चव्वेचाळीस नीट म्हटलं ना मी?"

धाकटीने मान डोलावली. पंचेचाळीस, सेहेचाळीस येऊन गेले.

"टोकन सत्तेचाळीस, खिडकी एक."

आई उठली. वर्गात नाव घेतल्यावर मूल उठतं तशी, लगेच. टॅबलेटची पिशवी खुर्चीतच राहिली. ती उचलायला धाकटी वाकली, तेव्हा आईने मागे न बघताच हात हलवून नको म्हटलं आणि पाटी छातीशी धरून खिडकीकडे चालू लागली.