थोरलीची खुर्ची

“गाडी दोन दिवस जास्त थांबवा, एवढंच म्हणतेय मी. चंद्रावर न्या म्हणत नाहीये!” व्हर्ना फोनवर ओरडली.

पलीकडे सिडनीच्या कचेरीतल्या हार्टनेलबाई होत्या. आवाज लोण्यासारखा. “तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पण काल मंगळवारी आणि आज, तुमच्या गटातली एकही महिला तपासणीला आली नाही. तेरा जणींच्या वेळा फुकट गेल्या. उद्या चारला गाडी पुढच्या गावी निघेल.”

“आणि परत कधी उगवेल?”

“दोन वर्षांनी.”

“अहो, आमच्यात मयत झालंय. माती दिल्याशिवाय आमच्या बायका घर सोडून कामं करत हिंडत नाहीत. शुक्रवारी दफन आहे. शनिवारी सगळ्यांना मी स्वतः हाकत आणते.”

“वेळापत्रक माझ्या हातात नसतं हो.”

“मग ज्याच्या हातात असतं त्याला द्या फोन.”

फोन कोणालाच दिला गेला नाही. तो बंद झाला. व्हर्नानं तो एप्रनच्या खिशात कोंबला आणि इस्पितळाच्या धुलाईघरातल्या ओल्या चादरी अशा काही पिळल्या की शेजारच्या बाईनं तिच्यापासून दोन पावलं लांब जाऊन काम सुरू केलं.

गेली होती ती व्हर्नाची थोरली चुलतबहीण. मेलेल्या माणसाचं नाव या आदिवासी लोकांत घेत नाहीत, म्हणून आपणही घेऊ नये. थोरली म्हटलं की पुरे. तिला छातीचा कॅन्सर झाला होता आणि तो कळला तेव्हा वेळ टळून गेली होती. वेळ टळली कशी, ते गावात दोघींनाच माहीत होतं. त्यातली एक आता राहिली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी हीच छातीची गाडी, गावोगाव फिरून बायकांची कॅन्सरची तपासणी करणारी, आली होती, तिथेच, क्लबच्या आवारात, निलगिरीखाली. थोरलीला पत्र आलं होतं: मंगळवार, दहा वीस. व्हर्नाला त्या दिवशी धुलाईघरात काम होतं. “तू हो पुढे,” ती म्हणाली होती, “काय खाणार आहेत का तुला?” थोरली एकटी गेली. आपल्या मोटारीत तासभर बसून राहिली. समोर लोखंडी पायऱ्या, दारात परकी माणसं, आत एकटीनं कपडे उतरवायचे. ती घरी आली आणि म्हणाली, “झालं बाई. सगळं ठीक आहे म्हणाले.” खरं काय ते तिनं सांगितलं यंदा, इस्पितळाच्या खाटेवरून. “लाज वाटली गं. एकटीला लाज वाटली.”

ही लाज अंग दिसण्याची नाही. चारचौघांतून एकटीलाच उचलून पुढे उभं करतात ना, त्याची. जुन्या ख्रिस्ती मिशनवरच्या वस्तीत वाढलेल्या बाईला ती समजावून सांगावी लागत नाही आणि कचेरीतल्या बाईला सांगूनही समजत नाही. म्हणून तर कचेरी दर खेपेला एकेकीला वीस-वीस मिनिटांची वेळ देते आणि बायका येत नाहीत म्हणून दर खेपेला चकित होते.

व्हर्नाचं स्वतःचं छातीचं ऑपरेशन सहा वर्षांपूर्वी झालं. डावी बाजू सपाट झाली. घरी पाठवताना कोणीतरी तिच्या हातात एक पत्रक ठेवलं होतं: गोरी बाई, चकाचक व्यायामशाळा, वाडग्यात हिरवा पाला. त्या पत्रकानं तिनं चूल पेटवली. चुलीवर कांगारूची शेपटी शिजवली, भोपळा घालून, तळण अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी तीन बायकांना घेऊन नदीच्या बंधाऱ्यापर्यंत चालत गेली. तीनच्या सहा झाल्या, सहाच्या चौदा. बंधाऱ्यावर एक जुना डबा ठेवला. निघताना जिच्या तिच्या सिगारेटी डब्यात. त्यांच्यातल्या डल्सीनं त्या डब्यात आजवर चाळीस वेळा सिगारेट सोडली आणि एकोणचाळीस वेळा परत काढून घेतली. पुढे कचेरीला याचा पत्ता लागला, तेव्हा कचेरीनं योजनेला नाव दिलं, शिक्का दिला, फॉर्म दिले. बायका मात्र जायच्या त्या एकमेकींसाठी, आणि थोडं व्हर्नाच्या शिव्या ऐकायला.

थोरलीचे गुडघे अधू. तिच्यासाठी निळ्या कापडाची घडीची खुर्ची बरोबर न्यावी लागे. पाळीपाळीनं सगळ्या ती वाहत. थोरली सगळ्यांत मागून यायची, खुर्चीत टेकायची आणि म्हणायची, “आला का गं बंधारा? मला वाटलं मरणच आलं.”

बुधवारी संध्याकाळी व्हर्ना मर्विनदादाकडे गेली. तो थोरलीचा सख्खा भाऊ, घरातला वडील माणूस. दुखवट्यात काय करायचं, काय नाही, ते त्यानं सांगायचं. तो पडवीत हॅट गुडघ्यावर ठेवून बसला होता. व्हर्ना शेजारी बसली. अर्धा तास कोणी बोललं नाही. मोठ्या माणसाकडे काही मागायचं तर आधी गप्प बसता यावं लागतं. व्हर्नाच्या स्वभावाला ते जड जायचं, पण ती बसली.

मग तिनं सगळं सांगितलं. मोटारीतला तो तासही सांगितला.

दारात थोरलीची लेक रोशेल उभी होती. चव्वेचाळीस वर्षांची, आईच्याच चणीची. “मावशी, आईला अजून मातीसुद्धा दिली नाही,” ती म्हणाली. “आणि तू मला कपडे काढायला त्या गाडीत नेतेस? काही वाटतं का तुला?”

“वाटतं ना. सहा महिने रोज वाटतंय,” व्हर्ना म्हणाली. “तुझ्या आईला मी एकटीला पाठवलं. तुला सोडणार नाही. शिव्या घाल हव्या तेवढ्या, पण चालता चालता घाल.”

रोशेल आत निघून गेली. मर्विनदादानं हॅट डोक्यावर ठेवली. “उद्या सांगतो,” तो म्हणाला. उद्या म्हणजे गुरुवार, आणि गाडी निघणार चारला. पण म्हाताऱ्यांना घाई करायची नसते.

गुरुवारी सकाळ गेली. बारा वाजले, एक वाजला. व्हर्नानं तीनदा चहा केला आणि तीनदा ओतून दिला. दीडला दादाचा ट्रक अंगणात आला. मागून त्यानं निळी खुर्ची काढली.

“ही घेऊन जा,” तो म्हणाला. “ही बरोबर असली म्हणजे बायकांनी घर सोडलं असं होत नाही. घरच बरोबर निघालं. पण हिच्यावर कोणी बसायचं नाही, आणि तुझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.”

“बरं, दादा.”

“आणि व्हर्ना, सगळ्या गेल्या पाहिजेत. एकही मागे ठेवू नकोस.”

तेरा जणी निघाल्या. काळे कपडे, पायात चालायचे बूट, लाल धूळ घोट्यापर्यंत. मिशनपासून गाव चार किलोमीटर. मोटारी होत्या, पण मोटार म्हटलं की व्हर्नाच्या अंगावर काटा यायचा. रोशेल सगळ्यांत मागे. क्लबच्या आवारात पोचायला पावणेतीन झाले.

गाडीच्या दारात ब्रिजेट नावाची पोरगी होती, तपासणी करणारी, सिडनीची. तेरा काळ्या झग्यांचा तो जथा बघून तिच्या हातातली यादी खालीच आली. “मॅडम, तुमच्या वेळा कालच...”

“वेळ आत्ता आहे. आम्ही आहोत, तू आहेस, यंत्र आहे. घोडं कुठे अडतंय?”

ब्रिजेट जराशी घुटमळली आणि तिनं पहिलीला आत घेतलं. बाकीच्या गवतावर बसल्या. थर्मास उघडले. आतून डल्सीचा आवाज आला, “अगं ए, हळू! पोळी लाटतेस का काय?” आणि गवतावर हसण्याची लाट उठली. चार दिवसांत कोणी हसलं नव्हतं. रोशेलनं मात्र मान वळवली.

पाच जणी झाल्या. चार वाजले. ब्रिजेटचा फोन वाजला. ती बोलली, गप्प झाली, परत बोलली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. “कचेरीतून सांगतायत, बंद करा. पुढच्या गावी उद्या सकाळी सुरू करायचंय. मी खूप सांगून पाहिलं.”

नील नावाचा चालक किल्ली घेऊन आला. पायऱ्या उचलायला लागला.

व्हर्ना उठली. निळी खुर्ची उचलली, गाडीच्या पुढे गेली आणि चाकापासून हातभर अंतरावर खुर्ची उलगडून ठेवली. मग तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

“बाई, खुर्ची बाजूला घ्या,” नील म्हणाला.

“मी घेणार नाही.”

“मग मी घेतो.” तो वाकला.

बाराही जणी एकदम उभ्या राहिल्या. पहिल्यांदा बोलली ती रोशेल.

“हात लावू नका. माझ्या आईची आहे ती.”

नीलचा हात हवेतच राहिला. तो याच भागात वाढलेला. काळे कपडे, रिकामी खुर्ची, गावात कानावर आलेलं शुक्रवारचं दफन, सगळं त्याला एका दमात उमगलं. त्यानं हात मागे घेतला, टोपी काढली.

“ब्रिजेट,” तो म्हणाला, “कचेरीला सांग, गाडी निघत नाही.”

“कारण काय सांगू?”

“पुढे वाट अडलीय म्हणून सांग. खोटं नाही त्यात.”

त्यानं किल्ली खिशात टाकली आणि पायऱ्या परत खाली सोडल्या. ब्रिजेटनं फोन बंद करून खणात ठेवला आणि दारात येऊन विचारलं, “मावशी, आता कोण?”

एकेक जात राहिली. सूर्य क्लबच्या छपरामागे गेला, काकाकुवांचे थवे कलकलाट करत नदीकडे परतले. शेवटी रोशेल राहिली. ती पायऱ्यांशी थांबली. मागे वळून तिनं बघितलं. बारा जणी तिच्याकडे तोंड करून उभ्या होत्या, मधे निळी खुर्ची. ती आत गेली.

बाहेर आली तेव्हा झग्याचं बटण वर-खाली लागलं होतं. “थंड असतं गं ते यंत्र,” ती म्हणाली. “आई एवढ्यालाच...” व्हर्नानं तिला जवळ घेतलं. निकालाचं पत्र दोन आठवड्यांनी येणार होतं. ते काय असेल कोणास ठाऊक. पण ते येणार होतं.

परत निघायची वेळ झाली. व्हर्नानं खुर्चीची घडी घातली. डाव्या हातानं ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सहा वर्षांपूर्वी बजावलं होतं. तिनं खुर्ची डाव्या काखेत मारली. तिकडे आता जागाच जागा होती.

“मावशी, दुखेल. मी घेऊ का?” रोशेलनं विचारलं.

“तू हो पुढे,” असं व्हर्नाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

“बरोबर चल,” ती म्हणाली, आणि उजवा हात पुढे केला.