जावयाचा चेंडू हलला

चष्म्याच्या दुकानाला रविवारी सुट्टी असे, पण मागची नंबर तपासायची खोली उघडी असे. अक्षरांच्या तक्त्याशेजारी टीव्ही होता आणि त्यावर गोल्फ लागलेलं असे. बघणारे चौघे: मालक चष्मेवाले, त्यांची बायको, शेजारच्या औषधांच्या दुकानातल्या केमिस्टबाई आणि जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार. चौघांपैकी एकानेही आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नव्हती. मतं मात्र चौघांनाही होती. नियमांचं पुस्तक मोजणीदारांकडे होतं. त्याला त्यांनी खाकी कव्हर घातलं होतं आणि ते दुसऱ्याच्या हातात देत नसत, त्यामुळे वाद कुठलाही असो, शेवटचा शब्द त्यांचाच.

हे वेड जावयाबरोबर घरात आलं. मुलीने व्यावसायिक गोल्फपटूशी लग्न ठरवलं तेव्हा चष्मेवाल्यांना वाटलं होतं, माणूस त्याशिवाय काहीतरी कामधंदाही करत असेल. तो एवढंच करतो हे कळल्यावर त्यांनी मुकाट्याने खेळ शिकायला घेतला, आणि आता त्या विषयावर ते लेकीपेक्षा जास्त बोलत.

आज हंगामातल्या शेवटच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. जावई पहिल्या पंधरांत आला तर पुढच्या वर्षी मोठ्या स्पर्धा खेळायचा हक्क टिकणार होता. नाहीतर चव्वेचाळिसाव्या वर्षी पोरसवद्या खेळाडूंबरोबर पुन्हा पात्रता फेरी. अठरांपैकी सतराव्या होलवर तो चौदावा होता.

त्याचा चेंडू उंच गवतात पडला होता. जावयाने काठी चेंडूमागे टेकवली, मान वर करून झेंडा पाहिला, खाली पाहिलं आणि मारला. फटका सुरेख बसला. केमिस्टबाईंनी टाळी वाजवली.

"हलला," मोजणीदार म्हणाले.

"कोण?"

"चेंडू. काठी टेकवली तेव्हा. दोन बोटं तरी खाली सरकला."

"निवृत्त झालात ना तुम्ही?" चष्मेवाल्यांची बायको म्हणाली. "मग आमच्या जावयाची कसली मोजणी चालवलीय?"

तेवढ्यात टीव्हीने तोच फटका पुन्हा दाखवला. चेंडू हलला होता. समालोचक तो कुठे जाऊन पडला याचंच कौतुक करत होता. जावयाच्या काठ्या वाहणारा कॅडी पिशवी घेऊन पुढे गेला होता आणि जोडीचा खेळाडू मैदानाच्या दुसऱ्या कडेला होता. मैदानावर कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

मोजणीदारांनी पुस्तक उघडलं. "ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या कापलेल्या हिरवळीवर, चुकून हलला तर माफ. गवतात हलवला तर दंडाचा एक फटका, आणि चेंडू मूळ जागी ठेवायचा. न ठेवता मारला तर एकूण दोन."

"पण टीव्हीवरचा पुरावा चालत नाही म्हणाला होतात मागे," केमिस्टबाई म्हणाल्या.

"उघड्या डोळ्यांना दिसण्यासारखं नसेल तर चालत नाही. हे दिसण्यासारखं होतं."

"चष्मा लावलेला डोळा उघडा धरतात की झाकलेला?" केमिस्टबाईंनी विचारलं.

मोजणीदारांनी खरोखर दोन पानं उलटली. "तसं काही दिलेलं नाही."

"कारण जावयांचा चष्मा नवाच आहे ना," त्या चष्मेवाल्यांना सहज बोलून गेल्या. "मागच्याच महिन्यात दिलात तुम्ही."

मोजणीदारांनी पुस्तक मिटलं. "म्हणजे दोनच शक्यता. एक तर जावयाने पाहून न पाहिल्यासारखं केलं, नाहीतर तुमचा चष्मा चुकला."

"चष्माच चुकला असणार," बायको लगेच म्हणाली.

बत्तीस वर्षांत एक चष्मा परत आला नाही, हे चष्मेवाले गिऱ्हाइकाला न विचारता सांगत. आज त्यांनी ते सांगितलं नाही. जावई अठरावा होल संपवून टोपी काढत होता. चौदावाच.

"फोनबिन करू नका," मोजणीदार म्हणाले. "प्रेक्षकांच्या तक्रारी आता घेत नाहीत. त्याला माहीतच नसेल आणि त्याने आपल्या फटक्यांच्या कार्डावर सही केली, तर तो बाद होत नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही तर विषय संपला."

"आणि माहीत असून केली असेल तर?"

"तर बाद."

चष्मेवाल्यांनी मुलीला फोन लावला. ती मैदानावरच होती.

"बाबा, चौदावा आला तो. सही करायला निघालाय."

"त्याला विचार, सतराव्याला काठी टेकवली तेव्हा चेंडू हलला का. आम्हाला हललेला दिसला."

"हे मला आत्ताच का सांगताय?"

"सही झाल्यावर सांगून काय उपयोग?"

"सांगितलंच नसतं तर?"

"तर मंगळवारी तो जेवायला आला असता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत बसलो असतो."

तिने फोन ठेवला. वीस मिनिटांनी पडद्यावरची यादी हलली आणि जावयाचं नाव एकविसाव्या जागी गेलं. समालोचकाने सांगितलं की खेळाडूने स्वतःहून पंचांना बोलावलं, चित्रण तपासलं गेलं, दोन फटके वाढले. बायकोने टीव्ही बंद केला आणि ती वर निघून गेली. "नियमाप्रमाणे झालं," मोजणीदार म्हणाले, पण बुटांकडे बघत.

मंगळवारी जावई आला तो थेट दुकानातच. "बाबा, खरंच दिसलं नाही मला."

"बसा."

जावयाने तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. जवळचा बारीक मजकूरही वाचला. नंबर तंतोतंत बरोबर होता. चष्मेवाल्यांना क्षणभर बरं वाटलं, आणि मग दोनांतली कोणती शक्यता उरली ते लक्षात येऊन अजिबात बरं वाटेना.

"चेंडू आहे जवळ?" त्यांनी विचारलं. जावयाने खिशातून काढला. त्यांनी तो फरशीवर ठेवला, कोपऱ्यातली छत्री त्याच्या हातात दिली. "मैदानावर उभे राहता तसे उभे राहा."

जावई वाकला. नजर खाली गेली ती काचेच्या खालच्या भागातून. वरचा भाग लांबचं बघायला, खालचा पुस्तक वाचायला. पायाशी पडलेला चेंडू धड लांब नव्हता, धड पुस्तकाएवढा जवळही नव्हता.

"कसा दिसतो?"

"कापसाच्या बोळ्यासारखा."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही म्हणालात, पंधरा दिवसांत सवय होईल. शिवाय दुकानातली सगळ्यात भारी काच दिली होतीत. सासऱ्यांना काय सांगणार, दिसत नाही म्हणून?"

चष्मेवाल्यांनी त्याच्या नाकावरून चष्मा स्वतःच्या हाताने उतरवला. दर रविवारी गोल्फ बघायचा, आणि गोल्फवाला खाली कुठे बघतो हे एकदाही बघायचं नाही. ते तडक शेजारच्या दुकानात गेले. मोजणीदार तिथे खोकल्याचं औषध घेत होते. "तिसरी शक्यता निघाली," चष्मेवाले म्हणाले. "नंबर बरोबर, जावई बरोबर. काच मी चुकीची दिली." केमिस्टबाईंनी मोजणीदारांकडे पाहिलं. मोजणीदारांनी त्या दिवशी पुस्तक आणलेलं नव्हतं.

पात्रता फेरीला सहा आठवडे होते. आठ दिवसांत एकाच नंबरचा साधा चष्मा तयार झाला. जावयाने तो लावला, फरशीवरच्या चेंडूकडे पाहिलं, दाराबाहेरच्या पाटीकडे पाहिलं, मग खिशातलं जुनं स्कोअरकार्ड काढून डोळ्यांसमोर धरलं.

"बाबा, चेंडू स्वच्छ दिसतो," तो म्हणाला. "पण कार्डावरचे आकडे वाचता येत नाहीत."

"बोलायला लागले बाई एकदाचे," सासूबाई दारातून म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी खण उघडला, वाचायचा एक स्वस्तातला चष्मा काढून जावयाच्या खिशात खोचला आणि म्हणाले, "सही करायच्या आधी हा लावायचा. आणि हाही नाही जमला, तर त्याच दिवशी सांगायचं."