नौदलाचा अभिनंदन ठराव

नौदलाच्या वर्धापनदिनाचा अभिनंदन ठराव विधिमंडळात संमत झाला, तेव्हा प्रेक्षक गॅलरीच्या दाराशी उभ्या असलेल्या शिपायाच्या पोटात दुखू लागले. तो स्वतः पायदळातून निवृत्त झालेला. पायदळाच्या वर्धापनदिनी येथे कोणी चकार शब्द काढला नव्हता. पहिल्या रांगेतील त्याचा धाकटा भाऊ, नौदलाच्या शुभ्र गणवेशात, हर्षभराने टाळ्या वाजवू लागला. गॅलरीत टाळ्यांना सक्त मनाई होती.

“चला बाहेर,” शिपाई म्हणाला.

“दादा, दोनच तर वाजवल्या.”

“नियम पाण्यावरच्यांनाही लागू आहे.”

शिपायाने त्याला बाहेर काढले आणि स्वतःही बाहेर येऊन दार लावले. इतक्यात आत अध्यक्षांनी नौसैनिकांना सन्मानार्थ उभे राहण्याची विनंती केली. ती ऐकून धाकटा बंद दारासमोरच ताठ उभा राहिला, आणि मोठ्याला त्या उभे राहण्याचाही हेवा वाटला.