सोनमच्या खुर्चीत देव

तेजश्री रांजणगावच्या एका कारखान्यात गाड्यांच्या सीटबेल्टची बकलं तपासते. खटका बसला की एकदा ओढायचं, पुन्हा एकदा ओढायचं आणि पुढच्याला हात घालायचा. सहा वर्षं हेच काम. भरती झाली तेव्हा ट्रेनिंगमध्ये त्यांना एक व्हिडिओ दाखवला होता. गाडी आदळते, बाईच्या मांडीवरचं मुलाएवढं बाहुलं हातातून निसटून समोरच्या काचेवर जातं आणि बाईचे हात मिठी मारल्यासारखे तसेच राहतात. ती रिकामी मिठी तेजश्रीच्या डोळ्यांपुढून काही गेली नाही.

म्हणून दारात गाडी आली त्याच महिन्यात तिनं पाच वर्षांच्या सोनमसाठी बूस्टर सीट आणली. पोर जरा उंच बसते आणि पट्टा गळ्यावर न येता खांद्यावरून येतो, एवढंच त्या सीटचं काम. पण तळेगाव ढमढेऱ्यातल्या त्यांच्या गल्लीला विषय मिळाला. पोरीचे केस कापायला सलूनची खुर्ची आणली का, असं लोक विचारून गेले. सोनमला मात्र ती आवडली, कारण तिच्यावर बसलं की खिडकीतून ऊस दिसायचा.

तर त्या रविवारी घरचे देव जेजुरीला निघाले. दर तीन वर्षांनी देव्हाऱ्यातले चांदीचे टाक टोपलीत घालून, पिवळ्या कापडात बांधून खंडोबाच्या भेटीला न्यायचे, ही घरची रीत. नेम असा की, घर सोडल्यापासून गड चढेपर्यंत टोपली जमिनीला टेकता कामा नये. सासरे कोंडिबाआबा पूर्वी, मेंढरं राखायचे तेव्हा, ती डोक्यावर न्यायचे, पुढे जीपमध्ये मांडीवर नेऊ लागले. गेल्या खेपेला सुप्याजवळ जीपवाल्यानं करकचून ब्रेक मारला, टोपली आबांच्या मांडीवरून उडाली आणि देव माणसांच्या पायांत जाऊन पडले. त्या साली गोठ्यातली दोन जनावरं दगावली. आबांनी त्याचं खापर त्या ब्रेकवर फोडलं, ते आजतागायत.

तेजश्री पाण्याची बाटली घेऊन बाहेर आली, तर टोपली सोनमच्या खुर्चीत. पट्टा नीट लावलेला, वर झेंडूचा हार. आणि सोनम पुढे, आबांच्या मांडीवर.

"आबा, ती सोनमची जागा हाय."

"एक दिस देवाची. माझ्या हातात आता जोर ऱ्हायला न्हाई. मागच्या टायमाला मांडीवरनं देव उडाले, ठाऊक हाय ना तुला?"

"आन् पोर न्हाई उडायची?"

"जित्या माणसाला धरता येतं. आमची पोरं काय बांधून न्हेली व्हती का?"

"निघताना वाद नगं," सासू ताईबाई म्हणाल्या. "देव ऐकत्यात."

तेजश्रीनं नवऱ्याकडे पाहिलं. सतीश गाडीचा आरसा पुसत होता. आरसा स्वच्छच होता, पण बाप आणि बायको यांच्या कात्रीत सापडला की सतीशला काहीतरी पुसायला लागतं. लग्नाला सात वर्षं झाली, तेवढ्यात या माणसानं घरातल्या किती वस्तू पुसल्या त्याला सुमार नाही.

ती मागे, देव आणि सासू यांच्यामध्ये जाऊन बसली. सवयीनं तिनं देवांच्या पट्ट्याचं बकल ओढून पाहिलं. घट्ट होतं. आणि ते घट्ट आहे हे कळलं, तेव्हा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

न्हावऱ्यापर्यंत रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या होत्या, एकामागे एक जोडलेल्या, मागे लाल दिव्याचा पत्ता नाही. सतीश ऐंशीनं त्यांना ओलांडत होता. सोनम आबांच्या मांडीवरून उठून डॅशबोर्डला धरून उभी राहिली, तर आबांना कौतुक. "डायवर व्हणार माझी नात," ते म्हणाले. "तिला खाली बसवा," असं तेजश्री दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा आबांनी गाण्याचा आवाज वाढवला. भीमेवरचा पूल गेला, दौंड तालुका लागला, आणि तिच्या हातांच्या मुठी काही सुटल्या नाहीत.

चौफुल्याच्या अलीकडे एका पोलिसानं हात केला. सतीशनं गाडी थांबवता थांबवता स्वतःचा पट्टा ओढून घेतला. पोलीस खिडकीशी वाकला. त्याला आबा दिसले, त्यांच्या मांडीवरची पोर दिसली, आणि मग मागची टोपली दिसली. त्यानं हात जोडले.

"जेजुरीला व्हय?"

ताईबाईंनी भंडाऱ्याची डबी पुढे केली. त्यानं कपाळाला भंडारा लावून घेतला. "देवाला पट्टा लावलाय, लय भारी. जावा, जावा."

"साहेब, थांबा," तेजश्री म्हणाली. "पावती फाडा."

"कशाची, ताई?"

"चौदा वर्षांच्या आतलं पोर पट्ट्याबिगर बसवलंय. एकशे चौऱ्याण्णव ब. डायवरला हजार रुपये दंड. आमच्या कंपनीत भिंतीवर लिवलंय."

"तेजू, येडी झालीस का?" सतीश म्हणाला.

पोलीस हसला. "ताई, तुम्ही देवाच्या कामाला निघालाय. तसली पावती कोण फाडत न्हाई."

"म्हणून तर पोरं मरत्यात," ती म्हणाली. आवाज चढला होता, आणि चढू दे, असं तिला वाटलं. "कायदा केला, बोर्ड लावला, आन् भंडारा लावून सोडून दिलं. उद्या ह्याच रस्त्यावर पंचनामा करायला तुम्हीच येणार. तवा कुणाला हात जोडणार?"

त्याचं हसू गेलं. त्यानं खिशातून पावतीचं मशीन काढलं आणि ते कलम शोधू लागला. बराच वेळ सापडेना. त्यानं ते आधी कधी उघडलेलंच नसावं.

"कायदा देवापरीस मोठा झाला व्हय?" आबा समोर बघतच म्हणाले.

तेजश्री उतरली. तिनं आबांच्या बाजूचं दार उघडलं.

"आबा, हा कायदा देवासाठी केलाच न्हाई. देव पडला तर उचलायचा, धुवायचा, परत देव्हाऱ्यात बसतो. ही पडली तर मी कुठनं आणू? कोकणात मेंढरं न्हेताना बारकी कोकरं घोड्यावर बांधायचा, तुम्हीच सांगता. का बांधायचा?"

"पडत्यात म्हणून," आबा बोलून गेले.

"मग देव उचला. न्हाईतर मी आन् सोनम हितनं यष्टीनं माघारी जातो. तुमचे देव तुम्ही न्या."

तिनं सोनमला कडेवर घेतलं आणि ती रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. मागे ट्रक हॉर्न देत होते. ताईबाई पदर तोंडाला लावून बसल्या. सतीशच्या हाताशी आता पुसायला काही नव्हतं. आबा गुडघ्यांवर हात टेकून हळूहळू खाली उतरले, मागे आले आणि पट्ट्याशी झटू लागले. त्यांना तो सुटेना. शेवटी तेजश्रीनंच लाल बटण दाबलं. आबा टोपली छातीशी धरून पुढे जाऊन बसले.

पोलिसानं सतीशला पावती दिली आणि आत वाकून म्हणाला, "आबा, तुम्हीबी पट्टा लावा." भंडारा अजून त्याच्या कपाळावर होता.

गाडी सुप्याच्या रस्त्याला लागली. सोनम तिच्या खुर्चीत बसून ऊस बघत होती. सतीश चिडला होता, आणि चिडलेला माणूस गाडी हाणतो तशी गाडी हाणत होता. पहिला स्पीडब्रेकर आला. आबांनी टोपली आवळली. दुसऱ्याला त्यांची हनुवटी टोपलीवर आपटली. समोर उसाची ट्रॉली दिसली, तसे ते म्हणाले, "सतीश, हळू घे रं. मांडीवर देव हायती."

हे वाक्य तेजश्री घरापासून ऐकायची वाट बघत होती. पोर मांडीवर होती तोवर ते कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

"आबा, भ्या वाटतंय?"

"वाटतंय की."

"मला तळेगावपास्नं वाटत व्हतं. तवा कुणी न्हाई म्हणालं, हळू घे."

सतीशचा पाय वर आला आणि काटा पन्नासावर उतरला. तेजश्रीचा राग गेला नव्हता, आणि एवढ्यात जाणारही नव्हता. तिनं सोनमचं बकल ओढून पाहिलं, मग पुन्हा एकदा ओढून पाहिलं.