मागे वळायचं नाही!

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. दारं-खिडक्या बंद, सगळीकडे काळे पडदे आणि व्यासपीठावर टांगलेला चुन्याचा पांढरा गोळा. चंद्रमहाराजांनी हात उंचावला, "उतर, शीतल ज्योती, उतर!" आणि अंधारात तो गोळा लख्ख उजळला. लोकांनी श्वास रोखले.

"वायर नाही, बल्ब नाही!" महाराज गरजले. "चंद्राला स्वतःचं तेज आहे. ते डोळ्यांत साठवा, औषधं फेकून द्या. फक्त मागे वळायचं नाही. वळलात की तेज गेलंच म्हणून समजा!"

लोक तरी केवढे हुशार! मागच्या खेपेला त्यांनी गोळा फोडून आत वायर शोधली होती. मागे बघायचं मात्र एकालाही सुचलं नाही.

माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण बसली होती. तिला काचबिंदू. डोळ्यांत थेंब घालायचं चुकवलं तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिनं थेंब बंद केले होते. आणि मी? हे थोतांड आहे, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण कशाला रोज घरात वाद, म्हणून बेकरीतून सुटले की मीच तिला हाताला धरून इथे आणायचे.

त्या संध्याकाळी महाराजांनी तिला वर बोलावलं. बाकीचे कडेच्या पायऱ्यांनी जायचे. हिला त्या दिसल्याच नाहीत, ही समोरूनच वर चढली. गोळ्यावर काळा डाग पडला.

"चंद्र काळवंडला!" महाराज किंचाळले. "घोर पाप आहे या बाईच्या पदरी!"

धाकटी हुंदके देऊ लागली. "ताई, मी काय केलं गं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाप तिचं? पाप तर माझं होतं! मी उठले आणि खुशाल मागे वळले. भिंतीत वर एक भोक चमकत होतं. कामावरून तशीच आले होते. अंगातला एप्रन काढून मी डोक्यावर जोरात झटकला. मैदा उडाला आणि उजेडाचा पट्टा दिसला, भोकापासून थेट गोळ्यापर्यंत.

"अगं बाई! म्हणून इथे धूर करायला बंदी होय!" एक आजी म्हणाल्या.

लोक बाहेर धावले आणि समोरच्या गच्चीवरून महाराजांच्या चेल्याला आरशासकट खाली घेऊन आले. मावळतीचं ऊन आरशावर, तिथून भोकात, भोकातून चुन्यावर. एवढीच ती शीतल ज्योती!

"मग खरा चंद्र?" कुणीतरी विचारलं.

"तोही असाच," मी म्हणाले. "नुसते दगडधोंडे आणि धूळ. स्वतःचा उजेड काडीचाही नाही. तो पृथ्वीभोवती फिरतो आणि पृथ्वी त्याला घेऊन सूर्याभोवती. सूर्याचं ऊन त्याच्यावर पडतं, तेच आपल्याला दिसतं. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागे असतो, या भोकासारखा. कधी पृथ्वी नेमकी मध्ये आली की तिची सावली चंद्रावर पडते, ते ग्रहण. मघाशी माझ्या बहिणीच्या डोक्याची पडली, तशीच. त्यात कुणाचं पाप नसतं."

तोवर महाराज मागच्या दारानं पसार झाले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिचे डोळे तपासले. "उरलेली नजर थेंबांनी टिकेल. गेलेली परत येणार नाही."

दवाखान्याच्या जिन्यात तिनं विचारलं, "ताई, तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

तिनं माझा हात सोडला आणि भिंत चाचपत एकटीच खाली उतरली.

म्हणून हात जोडून सांगते, कुणी मागे वळू नका म्हटलं की आधी मागे वळा. उजेड कुठून येतो ते विचारा. आणि तुम्हाला कळलंच असेल, तर त्याच दिवशी तोंड उघडा. घरात भांडण झालं तर होऊ द्या.