गोरखचा पालक

बहिणीचं, प्रयागबाईचं पत्र कुंडलिक गुरुजींनी इतक्यांदा उघडलं होतं, की घड्यांवर ते विरत आलं होतं. उत्तर मात्र गेलं नव्हतं.

दोन हजार तीन साली निरगुडसरहून आलेलं ते पत्र तिच्या शेजारणीनं, शीलानं लिहून दिलेलं. 'दादा, माझ्या माघारी गोरखचं कसं? पस्तिशीला आला, तरी दहाची नि शंभराची नोट त्याला सारखीच. कुणी म्हटलं की कुठंही अंगठा देतो. अशा माणसाला कायद्यानं पालक नेमून मिळतो म्हणतात. त्यासाठी पुण्याच्या समितीला पालक म्हणून तुमची संमती लागेल. देता का?'

गुरुजी घोडेगावात एकटे राहत. पत्र आल्यावर त्यांनी आधी कायद्याचं पुस्तक मिळवलं. जसजसं वाचावं, तसतशी धास्तीच भरली. भाच्याच्या जमिनीची राखण, त्याचं आजारपण, आणि आपण गेल्यावर पुढं कोण? शेजाऱ्यानं नेलेली शिडी परत मागायला जीभ न रेटणारा माणूस दुसऱ्याच्या जन्माला काय पुरा पडणार! 'नाही' लिहवेना, 'हो' म्हणवेना. दोन भाऊबिजांना गुडघेदुखीचं निमित्त करून त्यांनी बहिणीचं तोंड चुकवलं.

आणि प्रयागबाई गेली.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवले, तेव्हा गुरुजी पार मागं बाभळीखाली उभे होते. कावळा अडला, की पोराचा विषय निघणार आणि सगळ्यांच्या नजरा मामाकडं वळणार.

पण माणसं बाजूला होतात न होतात, तोच कावळा उतरला.

"लगीच शिवला की!" गोरखचा चुलता सावळाराम म्हणाला. "मला वाटलं, पोरापायी दुपार व्हईल. पर पोराला सांभाळतो म्हणून तिच्यापुढं खोटं काय बोलणार व्हतो राव? माझी पोरं त्याला बघतील, असं न्हाई वाटत. आश्रमातच धाडावा लागंल."

"तिचा जीव कशाला अडकंल, भाऊ?" शीला म्हणाली. "शेवटपर्यंत म्हणायची, माझा दादा पुस्तकं बघून समदं पक्कं करतोय, म्हणून उशीर."

गुरुजींना मान वर करवेना. नुकतंच डोकं भादरलेला गोरख जवळ आला आणि त्यानं त्यांची बाही धरली.

"मामा, पत्र आणलं? पोस्टमन रोज न्हाई म्हणतो. आई लई वाट बघती."

"टाकतो," गुरुजी कसंबसं म्हणाले.

घोडेगावात एसटीतून उतरून ते तडक पोस्टात गेले. बाकावर बसून समितीला संमती लिहिली. मग दुसरा कागद घेतला. दोन वर्षं मनात घोळवलेलं एकही वाक्य आता कामाचं नव्हतं. त्यांनी एवढंच लिहिलं: 'मी तयार आहे. गोरख माझ्याजवळ राहील. दादा.'

पाकिटावर त्यांनी नाव घातलं, 'गं. भा. प्रयागबाई, निरगुडसर.' वाचून दाखवायला शीला होती. घ्यायला गोरख दारात उभा असणारच होता.

पेटीच्या तोंडाशी हात क्षणभर थबकला. मग दोन्ही पत्रं आत पडल्याचा आवाज आला.