आचारी गावाला गेलाय

टाचणीच्या डोक्यात शंका फार. आता शंका म्हणजे संसाराच्या वगैरे नव्हेत. गेममधला दुकानदार आपल्याकडून गंजक्या तलवारी खुशाल विकत घेतो, तो पुढे त्यांचं करतो काय? ॲनिमेतल्या, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या शाळेत हिरोला दर वेळी खिडकीजवळचाच बाक कसा मिळतो? कुणीतरी एका रिकाम्या बाकड्यावर कॅमेरा रोखून ठेवलाय आणि ते इंटरनेटवर दिवसभर दिसतं. तिथे कुणी बसत नाही, काही घडत नाही, तरी माणसं बघतात. का बघतात? टाचणी स्वतःच बघायची, त्यामुळे हा प्रश्न तिला जरा जास्तच छळायचा. असल्या शंका ती इंटरनेटवरच्या आपल्या पानावर रोज लिहायची. टाचणी हे तिथलंच नाव. धंदा कपडे दुरुस्तीचा, म्हणून टाचणी.

धंदा घरातच. खिडकीशी शिवणमशीन, बाजूला लोकांच्या आखूड करायच्या पँटींचा ढीग, समोर टीव्ही, आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत सासरे. त्यांना सगळे अप्पा म्हणत. अप्पा कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होते. शेकडो माणसांचं जेवण रांधलेला माणूस छातीचं ऑपरेशन होऊन घरी बसला आणि खुर्चीत बसून बसून पार विटला. तेव्हा टाचणीनं एक जपानी ॲनिमे लावून दिली.

"हे काय पोरासोरांचं?" म्हणून अप्पांनी नाक मुरडलं. तिसऱ्या भागाला मात्र म्हणाले, "थांब गं, पाणी पिऊन येतो. पुढे नेऊ नकोस."

बोलणं जपानी, खालची अक्षरं इंग्रजी. अप्पा चष्मा सावरेपर्यंत ती पसार. म्हणून वाचायचं काम टाचणीचं. वाचायचं म्हणजे काय, टीप घालता घालता मराठीत सांगायचं, तेही भरपूर तिखटमीठ लावून. तिच्या तोंडी मोठमोठे खलनायकसुद्धा "अरे गधड्या, तुला अक्कल आहे का?" असं बोलायचे.

ढगांतून फिरणाऱ्या एका टपालजहाजाची ती गोष्ट. जहाजावर चार पोरं आणि एक म्हातारा आचारी. जाड भुवयांचा, कुणी ताटात टाकलं की पळी उगारणारा. अप्पांचा त्याच्यावर जीवच जडला. "कांदा कसा धरलाय बघ. बोटं आत. चित्र काढणाऱ्यानं कधीतरी स्वयंपाक केलाय हो."

आणि हा आचारी मेला! वादळातून सगळ्यांना बाहेर काढलं आणि नंतर चुलीपाशी बसल्या बसल्या छाती धरून गेला. अप्पांना घरी येऊन थोडेच दिवस झाले होते. त्यांचा हात आपोआप शर्टाखालच्या टाक्यांवर गेला.

"काय झालं गं त्याला?"

"काही नाही. दमलाय," टाचणी म्हणाली. मशीन भरधाव सुटलं. "गावाला पाठवतायत, आरामाला."

"मग तोंडावरून चादर का घेतली?"

"ढगात थंडी असते ना अप्पा."

झालं! तोंडातून निघालं ते निघालं, आता निस्तरणं आलं. गोष्टीतली ती पोरं आचाऱ्याला विसरायला तयारच नाहीत. दर दोन-चार भागांनी त्याची आठवण काढणार आणि ओक्साबोक्शी रडणार. इकडे टाचणी म्हणणार, "कांदा चिरतायत."

"डेकवर?"

"आत धूर होतो."

एकदा जहाजावरची धाकटी त्याचं चित्र उराशी धरून बसली, तेव्हा टाचणीनं त्याला गावात दोन बकऱ्या घेऊन दिल्या. पुढे एकीला पिल्लू झालं. अप्पा ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे. "बरं झालं. माणसाला विरंगुळा हवा."

असं करत करत शेवटचा भाग येऊन ठेपला. टाचणीनं तो आधी एकटीनं बघून घेतला आणि तिचं धाबं दणाणलं. सगळं जहाज एका टेकडीवर उतरतं. टेकडीवर आचाऱ्याचं थडगं. पोरं त्याच्यावर त्याची पळी ठेवतात. आता इथे कांदा कुठून आणायचा?

"सांगून टाक ना," नवरा म्हणाला. तो प्रिंटर दुरुस्त करायचा आणि जगातलं सगळं बंद करून चालू केलं की सुरळीत होतं असं त्याला वाटायचं. "कार्टूनमधला आचारी मेला म्हणून अप्पा काय सुतक पाळणार आहेत?"

"अरे, त्यांचे रिपोर्टही मीच वाचून दाखवते. हृदय छान चाललंय, काळजी नको, सगळं मीच सांगते. ते अगदी खरंय. पण ह्या बाईनं मेलेल्या माणसाला बकऱ्या घेऊन दिल्या हे कळल्यावर ते माझ्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवतील?"

टाचणीला भीती होती ती हीच. जेमतेम सावरलेले अप्पा पुन्हा घाबरून बसतील, आणि ह्या वेळी तिनं दिलेल्या धीराचाही काही उपयोग होणार नाही.

दोन दिवस तिनं नेट बंद असल्याची थाप मारली. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर अप्पांनी स्वतःच रिमोट घेतला. "चला सूनबाई. होऊन जाऊ दे."

सुरुवात बरी गेली. मग जहाज उतरलं. टेकडी आली. थडगं आलं. टाचणीनं तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. मशीनवरचा पायही थांबला. खाली अक्षरं येत होती, जात होती.

अप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि घसा खाकरला.

"आज मी वाचतो," ते म्हणाले. "ती धाकटी म्हणतेय, आचारीबुवा, तुमच्या गावाला आलो, पण तुम्ही नेमके बकऱ्या घेऊन बाहेर गेलात. तुमची पळी ठेवून जातोय. तुम्ही शिकवलं तसंच रांधतो आम्ही. कुणी ताटात टाकत नाही."

टाचणीनं हातातल्या पँटीत तोंड लपवलं.

"कांदा?" अप्पांनी विचारलं.

"कांदा," ती हुंदक्यातून म्हणाली. मग नाक पुसून विचारलं, "कधीपासून माहितीये?"

"चादर घेतली त्याच्या दुसऱ्याच भागात ती पोरगी त्याच्या पळीनं सूप ढवळत होती. अगं, आचारी आपली पळी जिवंतपणी कुणाला देतो होय? माझी अजून माझ्या कपाटात आहे, तुला तरी हात लावू दिलाय का?"

"मग बोललात का नाही?"

"मला तेव्हा तो जिवंत हवा होता," अप्पा म्हणाले. "फार हवा होता. आणि तू त्याला जिवंत ठेवलंस. बकऱ्या जरा जास्त झाल्या, पण ठीक आहे."

टाचणीला हसू आलं आणि रडूही. तरी मनातलं विचारल्याशिवाय राहवेना. "अप्पा, तुमचे रिपोर्ट मात्र मी..."

"खरे वाचतेस. ठाऊक आहे मला. थाप मारताना तुझं मशीन पिसाटल्यासारखं पळतं. रिपोर्ट वाचायच्या वेळी तू मशीनवरून उठून माझ्यापाशी येऊन बसतेस."

टाचणी उठली, स्टूल ओढून त्यांच्या खुर्चीला खेटून बसली. पडद्यावर नावं सरकत होती. जहाज पुन्हा ढगात शिरलं होतं.

"पहिल्यापासून लाव," अप्पा म्हणाले.

"आणि ह्या वेळी सगळं खरं वाचू?"

अप्पांनी थोडा विचार केला.

"वाच," ते म्हणाले. "गावाचं तेवढं तसंच राहू दे."